वाटसरूचा हिस्सा

इचलकरंजीचे माग आज कोण चालवते, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत भट्टीच्या धगीपाशी कोण उभे असते, गुजरीत मान खाली घालून दागिना कोण घडवते, हे कोल्हापूर जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, पश्चिम बंगाल, उत्तर कर्नाटक इथून आलेली ही माणसे आहेत. उसाच्या हंगामात बीडकडून टोळ्या येतात, वीटभट्ट्यांवर आणखी कुठून कुठून कुटुंबे येऊन राहतात. काही जण हंगाम संपला की परततात. पण पुष्कळजण वर्षानुवर्षे इथेच आहेत. सुरुवातीला एकटा आलेला पुरुष पुढे बायको-मुलांना घेऊन येतो आणि वस्तीतली एक खोली त्याचे घर होते.

यांच्यात मुसलमानही बरेच आहेत. जुम्याच्या नमाजला ते आपल्या खांद्याला खांदा लावून उभे असतात. नमाज संपली की ते त्यांच्या खोलीवर जातात आणि आपण आपल्या मोहल्ल्यात. माणूस गोरखपूरचा असो की मुर्शिदाबादचा, आपल्या लेखी तो 'बिहारी'. त्याची मुले कोणत्या शाळेत जातात, त्याच्या बायकोला सही करता येते का, इतकी वर्षे काम करूनही तो हेल्परच का राहिला, हे आपण सहसा विचारत नाही. हा अग्रलेख त्या न विचारलेल्या प्रश्नांबद्दल आहे.

अशा घरातले चित्र साधारण सारखेच असते. बाप बारा तासांच्या पाळीवर. आई कांड्या भरते किंवा दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करते. मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते, म्हणून तिची शाळा गावीच सुटलेली. मधला मुलगा नऊ-दहा वर्षांचा. गावच्या शाळेत त्याचे नाव अजून असेल किंवा कमी झाले असेल, इथल्या कोणत्याही पटावर ते नाही. अजून तीन-चार वर्षांनी तो बापाच्या मागे कारखान्यात जाऊ लागतो. विचारले तर 'काम शिकतोय' एवढेच उत्तर मिळते. पुढे पंचवीस वर्षांचा झाल्यावरही तो कामच शिकत असतो, कारण ड्रॉइंग वाचता येत नाही, मायक्रोमीटरचे माप कागदावर उतरवता येत नाही आणि हातात कसलेही प्रमाणपत्र नाही. मुद्दा एका मुलाच्या शाळेपुरता नाही. बापाची हेल्परकी मुलाकडे वारशाने जाते आहे.

यावर 'सरकारने काहीतरी करायला हवे' असे आपण पटकन म्हणतो. पण कायद्याच्या पातळीवर बरेच काही करून झालेले आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा २००९ मध्ये झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयोगटातल्या प्रत्येक मुलाचा तो हक्क आहे. कलम ४ सांगते की, कधीच शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात बसवायचे आणि मागे पडलेला अभ्यास भरून काढण्यासाठी त्याला खास प्रशिक्षण द्यायचे. कलम ५ नुसार जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, एवढ्यावरून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. कलम १४ नुसार जन्मतारखेचा पुरावा नाही म्हणूनही प्रवेश नाकारता येत नाही. आणि कलम ९ ने स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांना शाळेत दाखल करून घेण्याची जबाबदारी स्पष्ट शब्दांत स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे महापालिका किंवा जिल्हा परिषदेवर टाकली आहे.

तेव्हा 'आधी दाखला आणा, मग बघू' हे उत्तर कायद्याला धरून नाही. पण बारा तास मागावर उभ्या असणाऱ्या माणसाला हे कलम कुणी वाचून दाखवायचे? आणि मुख्याध्यापकालाही सरसकट दोष देऊन चालणार नाही. महाराष्ट्रात शिक्षकांची पदे ठरवणारी संचमान्यता आता आधार पडताळणी झालेल्या पटावर होते. ज्या मुलाचे आधार कार्ड नाही किंवा नावात चूक आहे, ते मूल वर्गात बसते पण हिशेबात धरले जात नाही. त्यातून शाळेची अनिच्छा वाढते. म्हणजे हक्क कागदावर आहे, शाळा गल्लीत आहे, पण त्या दोहोंच्या मध्ये उभे राहून फॉर्म भरणारा, आधार केंद्रावर सोबत जाणारा, मुख्याध्यापकांशी नीट बोलणारा माणूस नाही. सगळे अडते ते तिथे.

प्रवेश झाला तरी दुसरा अडथळा आहेच. घरात भोजपुरी, बंगाली किंवा ओडिया बोलणारे मूल मराठी वर्गात बसते आणि महिन्याभरात गप्प होऊन जाते. ते 'ढ' नसते, त्याला प्रश्नच कळलेला नसतो. केरळने या गोष्टीकडे वेळीच लक्ष दिले. तिथल्या राज्य साक्षरता मिशनने २०१७ मध्ये पेरुंबावूरला 'चंगाती' हा उपक्रम सुरू केला. चंगाती म्हणजे दोस्त. परप्रांतातून आलेल्या कामगारांना मल्याळम लिहा-वाचायला शिकवायचे आणि तेही 'हमारी मलयालम' नावाचे, त्यांच्यासाठी तयार केलेले पाठ्यपुस्तक घेऊन. त्याच सुमारास एर्नाकुलम जिल्ह्यात 'रोशनी' या प्रकल्पातून स्थलांतरितांच्या मुलांसाठी शाळेत त्यांची भाषा जाणणारी माणसे नेमली गेली. भाषा येत नाही म्हणून कामगाराच्या कानशिलात लगावण्याचे व्हिडिओ आपण महाराष्ट्रात पाहिले आहेत. त्याने कुणाला मराठी आल्याचे ऐकिवात नाही. ती येते शिकवल्याने. मराठीवर प्रेम असलेल्याने मराठीचा वर्ग घ्यावा, हे सरळ आहे.

हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत मेक्सिको आणि लॅटिन अमेरिकेतल्या इतर देशांतून आलेल्या कुटुंबांना त्यातून जावे लागले. टेक्सास राज्याने १९७५ मध्ये कायदा बदलून, देशात कागदपत्रांशिवाय आलेल्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च थांबवला. टायलर या गावच्या शाळांनी १९७७ मध्ये अशा प्रत्येक मुलामागे वर्षाला १,००० डॉलर फी मागितली. शेतात, कारखान्यात राबणाऱ्या आईबापांना ती परवडणे शक्यच नव्हते. काही कुटुंबे आपली खरी नावे झाकून कोर्टात गेली. १९८२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ अशा मतांनी निकाल दिला की, आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देता येणार नाही आणि त्यांना शाळेबाहेर ठेवणे म्हणजे देशात कायमचा एक तळाचा वर्ग तयार करणे आहे. लक्षात घ्या, ती मुले परदेशी होती. आपल्याकडे आलेली माणसे याच देशाची नागरिक आहेत. देशात कुठेही जाण्याचा आणि राहण्याचा अधिकार त्यांना संविधानाच्या कलम १९ ने दिला आहे.

त्याच समाजाने प्रशिक्षणाची एक वाटही दाखवली. शिकागोमध्ये १९७७ साली स्थापन झालेल्या 'इन्स्टिट्यूटो देल प्रोग्रेसो लॅटिनो' या संस्थेने २००५ पासून रुग्णालयात काम करू पाहणाऱ्या स्पॅनिश भाषकांसाठी पायरीपायरीचे शिक्षण सुरू केले. आधी भाषा, मग कौशल्य असा क्रम ठेवला तर नोकरी करणारी बाई पहिल्याच पायरीवर थकते. म्हणून इंग्रजी आणि नर्सिंग एकाच वर्गात शिकवायचे. रुग्णाची शुश्रूषा करता करता लागणारे शब्द आधी. एक पायरी चढली की पगार थोडा वाढतो, मग पुढची पायरी. मुले सांभाळण्याची अडचण, अभ्यासात मदत, याचाही विचार त्यात होता. यातून आपण घ्यायचे ते एवढेच: कामगाराला शिकवायचे तर त्याच्या कामापासून सुरुवात करायची, आणि वर्ग त्याच्या वेळेला घ्यायचा.

इचलकरंजीच्या कामगारासाठी मराठीचा पहिला धडा 'अननस, आई' असा असून चालणार नाही. पीक, मीटर, मजुरी, उचल, कपात, पाळी, बोनस हे शब्द त्याला आधी वाचता आले पाहिजेत, म्हणजे आठवड्याचा हिशेब तो स्वतः तपासू शकेल. फाउंड्रीतल्या पोराला मशीनवरची सुरक्षेची सूचना आणि ड्रॉइंगवरचे आकडे. त्याच्या आईला दवाखान्यातला केसपेपर, बँकेची स्लिप आणि शाळेची नोटीस. तीन-चार महिने, आठवड्यातून दोन वेळा, पाळी सुटल्यावर एक तास. एवढे शिकवायला बी.एड. लागत नाही.

त्यापुढची पायरी प्रमाणपत्राची. वेल्डिंग, फिटिंग, विणकाम अनुभवातून शिकलेल्या माणसाची चाचणी घेऊन त्याला प्रमाणपत्र देण्याची तरतूद प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आहे. ही योजना २०१५ मध्ये सुरू झाली. दागिने घडवणाऱ्या स्वतंत्र कारागिराचा व्यवसाय २०२३ च्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत येतो. कळंब्याच्या शासकीय आयटीआयसारख्या संस्थांत काही ट्रेडना आठवी पास उमेदवारही चालतो. दहावी राहून गेलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून परीक्षा देता येते, आणि हिंदी-उर्दूतून शिकलेल्यांसाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा मार्ग आहे. कोल्हापूरच्या कारखानदारीचा पाया म्हादबा मेस्त्रींसारख्या, कोणत्याही इंजिनीअरिंग कॉलेजात न गेलेल्या कारागिरांनी घातला. हातातले कौशल्य ओळखणे ही या शहराची जुनी सवय आहे. फक्त आजचा कारखाना ते कौशल्य कागदावर मागतो.

आता तुमच्याबद्दल. हा अंक वाचणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरात दखनी बोलली जाते आणि शाळा-कॉलेज मराठीत झालेले असते. 'तुम्ही मराठी किती छान बोलता हो!' हे कौतुक आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकले आहे आणि ते ऐकताना अवघडलोही आहोत. दोन भाषांमध्ये राहणे ही आपल्याला नेहमी अडचण वाटत आली. या कामात मात्र तीच आपली पुंजी आहे. गोरखपूरच्या कामगाराशी त्याच्या भाषेच्या जवळ जाऊन बोलणारा आणि त्याच दिवशी मुख्याध्यापकांना स्वच्छ मराठीत अर्ज लिहून देणारा तरुण जिल्ह्यात सर्वांत सहज मिळेल तर तो आपल्या मोहल्ल्यात. तेच तरुणींबद्दल. अनोळखी पुरुषाला दार न उघडणाऱ्या बाईशी आपली शिकलेली बहीण बोलू शकते. घरात अडकलेली ती मोठी मुलगी तिलाच सापडेल.

यावर आक्षेप येतील, आणि ते खोटे नाहीत. पहिला आक्षेप असा की, आमचीच पोरे बेकार आहेत, आधी त्यांचे बघा. खरे आहे. अल्पसंख्याक मुलांसाठीची पहिली ते आठवीची केंद्रीय शिष्यवृत्ती २०२२-२३ पासून बंद झाली. त्याच वर्षी मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही थांबवण्यात आली. शिक्षण आणि नोकरीतली आपली घसरण सच्चर समितीने २००६ मध्ये मांडली, महाराष्ट्रापुरते ते डॉ. महमूद-उर-रहमान समितीने २०१३ मध्ये सांगितले. पण अशिक्षित, नोंद नसलेला, मिळेल त्या मजुरीवर राबणारा माणूस शेजारी असला की मजुरी सगळ्यांचीच खाली ओढली जाते. त्याला हिशेब वाचता आला तर त्याचा फायदा इथल्या कामगारालाही होतो. शिवाय कळंब्याच्या आयटीआयचा फॉर्म शेजारच्या वस्तीतल्या पोरासाठी भरायला शिकलेला तरुण तो आपल्या भावासाठीही भरेल.

दुसरा आक्षेप हळू आवाजात घेतला जातो. परप्रांतीय मुसलमानांना जवळ केले तर आपल्यावरच संशय घेतला जाईल. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात आणि जुलै २०२४ मध्ये विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात जे घडले, ते पाहिलेल्यांना ही भीती समजावून सांगावी लागत नाही. २०२५ मध्ये बंगाली बोलणाऱ्या मजुरांना देशभर ठिकठिकाणी 'बांगलादेशी' ठरवून पकडले गेले आणि त्यांतले काही जण भारतीय असल्याचे सिद्ध झाल्यावर परत आणावे लागले. पण नीट विचार केला तर ही भीती काम टाळायचे नव्हे, ते उघडपणे करायचे कारण आहे. वर्ग बंद खोलीत नको, नगरपालिकेच्या शाळेत घ्या. मुख्याध्यापक, गटशिक्षणाधिकारी आणि वॉर्डातल्या नगरसेवकाला आधी कळवा. हजेरीचे रजिस्टर ठेवा. ज्या मुलाचे नाव सरकारी शाळेच्या पटावर आहे, ज्याच्या बापाची ई-श्रमवर नोंद आहे, त्या कुटुंबाबद्दल अफवा पसरवणे अवघड जाते. ज्यांची कुठेच नोंद नसते, त्यांच्याबद्दल काहीही सांगता येते.

आणि वर्ग सगळ्यांसाठी असू द्या. ओडिशाचा हिंदू विणकर, कर्नाटकचा लिंगायत तरुण, बीडच्या ऊसतोड कुटुंबातली मुलगी, यांची गरज वेगळी नाही. वीटभट्टीवरच्या मुलांसाठी कोल्हापुरात 'अवनि' संस्थेने आणि पुणे-मुंबईत बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी 'डोअर स्टेप स्कूल'ने जे काम उभे केले, ते धर्म विचारून केलेले नाही. त्यांच्याकडून शिकावे, जमेल तिथे त्यांच्याच कामात हात लावावा. आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. मुलाला दीनी तालीम द्यायची तर आईबापांनी जरूर द्यावी. पण ६ ते १४ वयाच्या मुलाचे आणि मुलीचे नाव शाळेच्या पटावर असलेच पाहिजे, यात तडजोड नको. मुलगी वयात आली म्हणून शाळा सोडवली जात असेल तर तिथेही आपण गप्प बसायचे नाही.

तिसरा अडथळा आक्षेपाच्या रूपात येत नाही, तो आपल्या वागण्यात असतो. 'ते आपल्यातले नाहीत' ही भावना. खोली देताना जास्त भाडे, लग्नाच्या दावतीत वेगळी रांग, काही बिघडले की पहिला संशय त्यांच्यावर. इतरांनी आपल्याला परके म्हटले की आपण दुखावतो. तीच फूटपट्टी आपण दुसऱ्याला लावत असू तर आपल्या दुखावण्याला किंमत उरत नाही.

या शहराचा इतिहास वेगळे काही सांगतो. १९०६ मध्ये राजर्षी शाहू महाराजांनी मोहमेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन करायला लावली, तिचे अध्यक्षपद स्वतः घेतले आणि मुस्लिम बोर्डिंगसाठी जागा व उत्पन्न दिले. ते बोर्डिंग कुणासाठी होते? शहरात ज्याचे कुणी नाही, अशा खेड्यापाड्यांतून आलेल्या पोरासाठी. १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, तेव्हाही मूल कुणाचे, हा प्रश्न विचारला गेला नाही. आपल्यापैकी कित्येकांचे आजोबा-पणजोबा त्या व्यवस्थेमुळे शिकले. बाहेरून आलेल्या मुलाला छप्पर आणि पाटी देणे ही कोल्हापूरची आपल्यावरची उधारी आहे.

दीनच्या भाषेत बोलायचे तरी उत्तर तेच येते. हिजरतीनंतर मदिनेतल्या अन्सारांनी मुहाजिरांना भाऊ मानून घरातला वाटा देऊ केला. तेव्हा हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांनी तो नम्रपणे नाकारून बाजाराची वाट तेवढी विचारली, हा प्रसंग आपण वाझमध्ये अनेकदा ऐकला आहे. घर सोडून आलेल्या माणसाला खैरातीपेक्षा कामाची वाट हवी असते, हे त्यात आहे. जकातीच्या आठ हकदारांत इब्नुस्सबील, म्हणजे वाटसरू, मोजला आहे. त्याचा हिस्सा आपण रेशनच्या एका किटवर भागवतो. मे २०२० मध्ये, लॉकडाउनच्या काळात, इचलकरंजीच्या मुस्लिम समाजाने जकातीतून ३६ लाख रुपये उभे करून इंदिरा गांधी रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग दिला. तो सर्वांसाठी खुला होता. त्याच महिन्यात कोल्हापूरच्या शाहू टर्मिनसवरून श्रमिक गाड्या भरभरून निघाल्या आणि कारखानदारांना कळले की कुणाच्या हातांवर सगळे चालत होते. गाड्या गेल्या, पुढे माणसे परत आली. त्यांच्या मुलांची शाळा तेव्हाही विषय नव्हता.

जूनमध्ये शाळा उघडतील. त्याआधी तीन कामे करता येण्यासारखी आहेत. प्रत्येक मोहल्ल्यातल्या चार-पाच जणांनी जवळची एक वस्ती घ्यावी, खोलीखोलीत जाऊन ६ ते १४ वयाच्या मुला-मुलींची यादी करावी आणि ती शाळेच्या मुख्याध्यापकांना लेखी द्यावी, पोहोच घ्यावी. दुसरे, पाळी सुटण्याच्या वेळेला मराठीचा एक वर्ग सुरू करावा. दहा माणसे आली तरी पुरे. तिसरे, रमजानमध्ये जमणाऱ्या जकातीचा एक ठरावीक भाग प्रशिक्षणाची फी, परीक्षेचा फॉर्म आणि जाण्या-येण्याचे भाडे यासाठी वेगळा काढावा, आणि त्याचा हिशेब मशिदीच्या फलकावर लावावा.

यादीत नाव आलेल्या दहापैकी दोनच मुले पहिल्या वर्षी शाळेत टिकतील, असेही होईल. पाळी बदलली म्हणून वर्ग रिकामा पडेल, एखादे कुटुंब न सांगता गावी निघून जाईल. तरीही पुढच्या जूनमध्ये पुन्हा यादी करावी लागेल. हे काम असेच असते.